न कापलेल्या पट्ट्या

आमच्या कंपनीच्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला काचेमागे फोटोंची रांग आहे. दर वर्षीच्या सर्वोत्तम कायझेनचा, म्हणजे कामगाराने सुचवलेल्या सुधारणेचा, एकेक फोटो. आठ वर्षांपूर्वीच्या फोटोत रोहिदास पालशेतकर करंडक घेऊन उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर जो हात दिसतो तो माझा आहे. बाकीचा मी कडेला कापला गेलोय. रोहिदासला कंपनीने यंदा मार्चमध्ये काढून टाकलं, पण फोटो काढला नाही. सुधारणा चालू आहे, मग फोटो कशाला काढायचा? नवीन भरतीला तिथे उभं करून सांगतात की बघा, साधा माणूससुद्धा किती खोल विचार करू शकतो. ते ऐकून माझ्या मस्तकात तिडीक जाते आणि मी मुकाट्याने कार्ड पंच करून आत जातो.

मी श्रीपाद. चाकणच्या या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग बनतात इथे. रोहिदास आवक विभागात होता. तो राहायचा थेरगावात, मी पिंपळे सौदागरला, आणि दोघांना कंपनीची बस डांगे चौकात मिळायची. सोळा वर्षं एकाच बसने गेलो. त्यातली पहिली चार वर्षं मला त्याचं नावही माहीत नव्हतं, हेही सांगून टाकतो.

तो गुहागरच्या खालच्या किनाऱ्यावरचा, खारवी. बाप होडीवर, आई अंबूबाई मासळी सुकवून विकणारी. होडीला मासळी मिळेनाशी झाली तसा विसाव्या वर्षी हा घाट चढून आला आणि कंत्राटी कामगारांच्या लोंढ्यात मिसळून गेला. काम असं की पुरवठादारांकडून आलेली खोकी उघडायची आणि आतले भाग लाइनला लावायचे. खोकी चपलांच्या खोक्यापेक्षा जरा मोठी. प्रत्येकाला प्लास्टिकची हिरवी पट्टी आवळलेली, पट्टीवर मधोमध पांढरी रेघ. सगळे ती कटरने कापायचे. रोहिदासचा मात्र हात धजायचा नाही.

कारण अंबूबाईच्या घरात दोर कापत नसत. गाठ कितीही बसलेली असो, खाऱ्या पाण्याने दगड झालेली असो, ती नखांनी, दातांनी, दाभणाने सोडवायची, पण दोर अखंड ठेवायचा. ज्याने कापला त्याच्याशी अंबूबाई दिवसभर बोलायची नाही. रोहिदास म्हणायचा, "मार खाल्लेला चालंल सर, पन आयेचं न बोलणं लई वायट." त्या धाकात वाढलेल्या माणसाला दिवसाला दोन हजार पट्ट्या कापायला लावल्या तर तो काय करणार? त्याने भंगारातला पत्र्याचा एक तुकडा वाकवून आकडा केला. आकड्याने खोक्याचा कोपरा जरा दाबायचा की पट्टी अख्खीच्या अख्खी, गोलच्या गोल, सरकून बाहेर. खोकं शाबूत, पट्टी शाबूत, बोटंही शाबूत.

मी घड्याळ लावून मोजलं. प्रत्येक खोक्यामागे साडेतीन सेकंद वाचत होते. कायझेनचा फॉर्म इंग्रजीत असतो, म्हणून तो मीच भरला. त्यात शेवटी एक रकाना होता, इतर काही परिणाम असल्यास. मी तिथे ‘निल’ लिहिलं. तो रकाना सगळेच तसा भरतात. पण सगळे करतात म्हणून माझं अक्षर दुसऱ्या कुणाचं होत नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. करंडक मिळाला, टाळ्या पडल्या, रोहिदास कायम झाला. आकडा सगळ्या टेबलांवर गेला, मग पुरवठादारांच्या कारखान्यांतही गेला. टेबलावर नको असलेली वस्तू ठेवायची नाही या नियमाखाली सगळ्या कटरांना लाल चिठ्ठ्या लागल्या आणि ते जमा झाले. आवक विभागात एक कटर उरला नाही.

आता अख्ख्या पट्ट्यांचा ढीग साठू लागला. भंगारवाला त्या घ्यायला कुरकुर करायचा, जागा फार खातात म्हणायचा. रोहिदासने परवानगी मागितली, मी गेटपासवर सही केली, आणि गणपतीला नि शिमग्याला गावी जाताना तो त्यांची पोती बसच्या टपावर टाकून नेऊ लागला. गावात त्याची वाहवा झाली. न कुजणारा, न गंजणारा, फुकटातला दोर. माशांच्या क्रेटांची झाकणं त्याने आवळायची, होडीच्या कडेला टायर बांधायचे, पावसाळ्यात ओढून घेतलेल्या होड्यांवर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे. पट्ट्यांना ‘चाकणच्या पट्ट्या’ असं नावही पडलं. अंबूबाईने तर अंगणाचं कुंपण त्यांनी गुंफलं. मुलगा परगावी जाऊन काहीतरी अखंड घेऊन परत येतो, याचं तिला भारी कौतुक होतं.

दर पावसाळ्यात वारा-लाटांनी त्यातल्या काही सुटून वाहून जायच्या. त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटलं नाही. समुद्र बारा महिने काही ना काही नेतोच.

गेल्या वर्षी गणपतीत, गौरी जाण्याच्या दिवशी सकाळी, त्याच्या वाडीच्या पुळणीच्या वाळूवर एक गादा लागला. डॉल्फिनला तिकडे गादा म्हणतात. भरतीने आणून टाकलेला, मेलेला, मोठा. लोक जमले. रोहिदास पुढे गेला आणि त्याला जनावराच्या मानेच्या जागी, पंखांच्या जरा पुढे, एक खोल खाच दिसली. सगळीकडून गोल. खाचेत मांस कुजून पांढरं पडलं होतं. त्याने बोट घालून पाहिलं तर आत काहीतरी गुळगुळीत लागलं. हिरवं. मधोमध पांढरी रेघ.

वनखात्याच्या माणसाने मोजमापं घेतली आणि समजावून सांगितलं. हा पिल्लू असताना त्याचं डोकं यात शिरलं असणार. ती सरकवून काढायला त्याला हात नाहीत. मग जनावर वाढत गेलं आणि पट्टी तेवढीच राहिली. तीन-चार वर्षं ती आत आत जात राहिली असेल. शेवटी शेवटी मान वळवून मासा धरणंही जमलं नसेल, म्हणून फासळ्या दिसताहेत. समुद्रात अशी किती फिरत असतील ते सांगता येत नाही, मेलेली सगळीच काही किनाऱ्याला लागत नाहीत, असंही तो म्हणाला.

रोहिदासने ती पट्टी सोडवायला घेतली. सवयच ती. तासभर तो तिथे बसला होता म्हणे. पण ती सुटणारी नव्हती. मग त्याने कुणाचा तरी कोयता मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोल कापला.

कामावर परतल्यावर ती पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने बसमध्ये माझ्या मांडीवर ठेवली. नाशिक फाट्याला त्याने पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. मग म्हणाला, "सर, कापलेली असती तर ही नुसती दोरी राहिली असती. गळ्यात बसली नसती. गोल मी ठेवला."

मी म्हटलं, "रोहिदासभाऊ, गावातल्या लोकांनी नीट वापरायला नको का?"

"लोकांना मीच दिली. पन माझ्या चार पोत्यांचं सोडा. आता ह्यो आकडा धा कारखान्यांत हाय. त्यांच्या पट्ट्या कुठं जातात, तुमाला ठाव हाय? मला तरी नाय. तुमीच लिवलं होतं ना, आता तुमीच उलटं लिवा. पट्टी कापायची, मगच टाकायची. एवढंच."

एवढंच. मला वाटलं, खरंच एवढंच तर आहे. मी फॉर्म भरायला बसलो आणि पहिल्याच रकान्यात अडकलो. वाचणारा वेळ, सेकंदांत. तिथे उणे साडेतीन टाकलं तर संगणक फॉर्म पुढे जाऊ देईना. शेवटी साध्या कागदावर निवेदन लिहिलं. पट्टी समुद्रात पोचते कशी हे कळावं म्हणून त्यात एक वाक्य घातलं की किनाऱ्यावरचे लोक या पट्ट्या शंभर कामांना वापरतात. हे वाक्य माझं, रोहिदासचं नव्हे.

कारखान्याचे प्रमुख शेखर साहेब. माणूस वाईट नाही, हसतमुख आहे, कामगाराच्या घरी लग्नाला जातो. त्यांनी निवेदन वाचलं, रोहिदासला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि मला विचारलं, "श्रीपाद, आपल्या पवना-इंद्रायणीचं पाणी जातं कुठे?"

"भीमेला."

"भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. म्हणजे कोकणच्या समुद्राशी आपला भौगोलिक संबंधच नाही. बरोबर?" आपल्या भूगोलावर ते इतके खूश झाले की पुढचं त्यांनी जवळजवळ प्रेमाने सांगितलं. "रोहिदास, तुझी भावना समजते मला. पण ही पद्धत आता सगळ्या प्लांटमध्ये आहे. ऑडिटमध्ये आहे. एका माशासाठी ती मोडायची?"

"मासा नाय सायेब," रोहिदास म्हणाला. "दूध पाजतो तो पिल्लाला. वर येऊन आपल्यासारका श्वास घेतो."

शेखर साहेबांनी मान हलवली आणि चहा संपवला. मी काय केलं? मीही चहा संपवला.

आठवड्याभराने सामाजिक उपक्रम बघणाऱ्या अनुया मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. उत्साही बाई, मनापासून काम करणारी. त्यांच्या हातात आमचं निवेदन होतं आणि माझ्या त्या एका वाक्याखाली पिवळी रेघ होती. "सर, हे तर फार सुंदर आहे. आपल्याला शून्य कचऱ्याचं प्रमाणपत्र हवंय आणि किनाऱ्यावरच्या लोकांना पट्ट्या हव्यात. आपण टेम्पो भरून पाठवू. दर तीन महिन्यांनी. पहिलं वाटप रोहिदासच्याच गावात, त्याच्याच हस्ते."

मी म्हणालो, "मॅडम, बाकीचं वाचलंत का?"

"वाचलं ना. म्हणून तर वाटपासोबत एक फलक पण लावतोय, समुद्र स्वच्छ ठेवा."

त्या दिवशी मी ओरडायला हवं होतं. वरच्या मजल्यावर जाऊन टेबलावर हात आपटायला हवा होता. पण माझ्या बढतीचा कागद त्याच महिन्यात शेखर साहेबांकडे होता, वाकडला मोठा फ्लॅट बघून ठेवला होता, आणि ओरडणारा माणूस आमच्याकडे दुसऱ्या वर्षी दिसत नाही. मी रोहिदासला बातमी सांगितली तीसुद्धा बसमध्ये, खिडकीबाहेर बघत.

त्याने मांडीवरचा डबा पायाशी ठेवला. मग म्हणाला, "ठीक हाय. मी टेम्पोत मालाबरोबर बसून जाईन म्हनावं."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो आमच्या विभागाच्या प्रयोगशाळेत आला. "सर, पत्रा कापायची कात्री हाय ना तुमच्याकडं? दोन दिवस देता?" आमच्याकडे प्रत्येक हत्यारावर ते ज्याच्या ताब्यात असेल त्याचं नाव कोरलेलं असतं. त्या कात्रीच्या मुठीवर माझं होतं. कशाला हवी, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं म्हणूनच विचारलं नाही. त्याने ती कमरेला शर्टाखाली खोवली. गेटपास मी केला नाही. त्यावर माझी सही राहिली असती.

टेम्पो पहाटेच निघाला. मी आणि अनुया मॅडम कंपनीच्या गाडीने मागून गेलो आणि दुपारी तीनला वाडीत पोचलो. पुळणीवर मांडव होता, बॅनर होता, पहिल्या खुर्चीवर अंबूबाई नवं लुगडं नेसून बसली होती. पहिलं पोतं तिच्या हाती द्यायचं ठरलं होतं. वाटेत मागे पडलेला टेम्पो थोड्या वेळाने आला. मागचं फळकूट पडलं आणि रोहिदास उतरला. त्याच्या दोन्ही तळहातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या लाल झाल्या होत्या.

मॅडमच्या सांगण्यावरून ड्रायव्हरने पोत्याचं तोंड सोडलं आणि ते अंबूबाईसमोर ओतलं. आतून वीतभर लांबीचे हिरवे तुकडे पडले. दुसरं पोतं, तिसरं, सगळ्यांत तेच. चाकणपासून कुंभार्ली घाट उतरेपर्यंत आणि पुढे गुहागरच्या वळणांवर माणूस मूठ मूठ पट्ट्या धरून कापत आला होता. तीस पोती. एक गोल शिल्लक ठेवला नव्हता.

मॅडमच्या हातातला माइक तसाच राहिला. गर्दीतून एक जण म्हणाला, "आता ह्ये काय चुलीत घालू?" दुसरा म्हणाला, "सोन्यासारका माल नासलान् रोहिदासनं." लोक चिडले होते आणि त्यांचं काही चूक नव्हतं. त्यांना फुकटचा दोर मिळणार होता.

रोहिदास म्हणाला, "तो गादा बगितलात ना समद्यांनी? मग आता हात लावू नका. तुकडेबी हितं टाकायचे नाय, ह्याच टेम्पोनं परत जातील."

अंबूबाईने वाकून एक तुकडा उचलला, दोन्ही टोकं बघितली आणि मुलाकडे बघितलं. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, बरं केलंस म्हणेल. ती बोलली नाही. घरात गेली, खोबरेल आणि हळद घेऊन आली, त्याच्या हातांवरच्या चिंध्या सोडवून तेल लावलं, पुन्हा बांधलं. सगळं मुकाट्याने. संध्याकाळी आम्ही निघेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रोहिदास पडवीच्या पायरीवर बसून तिच्याकडे बघत होता. बेचाळीस वर्षांचा माणूस, पण मला त्याची तेव्हा फार दया आली.

फेब्रुवारीत चौकशी बसली. पट्ट्या कापल्या हा गुन्हा धरता येईना. भंगार ते भंगारच, आणि तसं लिहिलं तर समारंभाचीही अब्रू गेली असती. म्हणून आरोप ठेवला कात्रीचा. कंपनीचं हत्यार विनापरवाना बाहेर नेलं आणि परत केलं नाही. हत्यारांच्या नोंदी बघताना आमच्या प्रयोगशाळेतली एक कात्री कमी निघाली होती, पण ती कुणाच्या नावाची हे नोंदीत नव्हतं, म्हणून आधी मला साक्षीला बोलावलं.

"श्रीपाद, कात्री तुम्ही दिली होती का?" शेखर साहेबांनी विचारलं. दिली म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच संपली असती. दोघांनाही ताकीद, माझी बढती वर्षभर लांबणीवर, बस्स. मी म्हणालो, "लक्षात नाही. कपाटाला कुलूप नसतं."

त्यांनी रोहिदासला विचारलं. तो म्हणाला, "सरांना काय ठाव नव्हतं. मी उचलली."

"मग आहे कुठे?"

"समुद्रात पडली."

त्या खोलीत हे खोटं आहे हे फक्त मला माहीत होतं. हा माणूस आता समुद्रात सुपारीचं खांडसुद्धा पडू देणार नाही. पण मी खाली बघत राहिलो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात पत्र पडलं. एप्रिलमध्ये माझ्या हातात पडलं, बढतीचं.

तो गावी गेला नाही. मुलीची बारावी आहे. डांगे चौकाजवळच्या बाजारात वहिनींबरोबर मासळी विकायला बसतो. मी दोन महिने रस्ता बदलून बस पकडली. मागच्या रविवारी मात्र समोरासमोर आलो. "या सर," तो म्हणाला, नेहमीसारखं. तळहातांवरच्या खुणा पांढऱ्या पडल्या होत्या. मी विचारलं, आई कशी आहे. म्हणाला, "बरी हाय. कुंपणाच्या पट्ट्या काढल्यान् तिनं. एकेक कापून. फोनवर सांगत व्हती."

मग त्याने बर्फाच्या पेटीमागे हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू माझ्यासमोर धरली. उघडायची गरज नव्हती, वजनावरून कळलं. मुठीवरचं माझं नाव कागदातूनही बोटाला लागत होतं.

"चौकशीत दाखवली असती तर नाव वाचलं असतं त्यांनी," तो म्हणाला. "तुमची बढती व्हायची होती ना तवा."

मला काहीतरी बोलायचं होतं. क्षमा मागायची होती, निदान उद्या साहेबांकडे जाऊन खरं सांगतो एवढं तरी म्हणायचं होतं. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी कात्री पिशवीत टाकली आणि बांगडा कसा दिला म्हणून विचारलं.